जमिनीवरची बेटं

गेल्या सेमिस्टरला टेक-फेस्टमध्ये क्विझ होती. प्रश्न आला, 'जगातलं सगळ्यात छोटं बेट-राष्ट्र कोणतं?' मी बझर जवळजवळ फोडलाच. 'नाउरू!' पुढचा प्रश्न, 'त्याची राजधानी?' 'अधिकृत राजधानीच नाही!' टाळ्या, वीस गुण. कॉन्व्हेंटमध्ये दहा वर्षं जी.के.ची पुस्तकं घोकली, ती अगदीच फुकट गेली नाहीत म्हणायची.

मग तिसरा प्रश्न आला. '१९३९ साली आपल्या भागातल्या कोणत्या राजाने घटना करून राज्यकारभार प्रजेच्या हाती दिला?' मी 'कोल्हापूर' ठोकून दिलं. चूक! शेवटच्या रांगेतून माझी रूममेट ओरडली, 'औंध गं, औंध! आमचं औंध!' ती आटपाडीची. रात्री मेसमध्ये तिनं माझी जी शाळा घेतली, त्यातून हा लेख निघालाय.

मित्रमैत्रिणींनो, आधी नाउरूबद्दल थोडं. पॅसिफिक महासागरातलं हे बेट जेमतेम २१ चौरस किलोमीटरचं. जमिनीत फॉस्फेट सापडलं आणि बेटाचं नशीब फिरलं. आधी जर्मन आले, मग ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी मिळून खणलं. त्या खतावर दुसऱ्यांची शेतं पिकली. ३१ जानेवारी १९६८ ला देश स्वतंत्र झाला, खाणी स्वतःच्या ताब्यात आल्या आणि पैशांचा पूर आला. मेलबर्नमध्ये ५२ मजली इमारत बांधली. लंडनमध्ये एका संगीत नाटकावर पैसा लावला, ते १९९३ मध्ये साफ आपटलं. फॉस्फेट संपत आलं, पैसाही संपला. मेलबर्नची इमारत २००४ मध्ये विकावी लागली. बेटाचा मधला भाग मात्र आजही खणून काढलेल्या दगडांचा उरलाय.

आता औंध. हे संस्थान म्हणजे जमिनीवरची बेटंच. एकूण ७२ गावं, पण एका जागी नाहीत. काही औंधभोवती, काही आटपाडीकडे, काही कुंडलकडे आणि काही तर थेट विजापूर जिल्ह्यात गुणदाळला. मध्ये सगळा इंग्रजांचा नाहीतर दुसऱ्या संस्थानांचा मुलूख. त्यात आटपाडीचा भाग कायमचा दुष्काळी. फॉस्फेट वगैरे काही नाही, माणदेशी माळ आणि मेंढरं!

आपण कोल्हापूरहून पुण्याला रेल्वेने जातो, तेव्हा भिलवडीनंतर किर्लोस्करवाडी लागते. मी कितीतरी वेळा तिथून झोपेत गेलीय. बेळगावातून कारखाना हलवायची वेळ आली, तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिलं. साल १९१०. त्या निवडुंगाच्या माळावर लोखंडी नांगर तयार व्हायला लागले. आपल्यातल्या निम्म्या जणांना कॅम्पसमधून जिथं लागायचं असतं, त्या इंडस्ट्रीची मुळं अशी एका छोट्या संस्थानात आहेत.

हे राजे म्हणजे भवानराव, अर्थात बाळासाहेब पंतप्रतिनिधी. स्वतः चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्काराचे मोठे प्रचारक. १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये, सत्तरी गाठलेल्या या राजाने जाहीर केलं की राज्य आता प्रजेचं. २१ जानेवारी १९३९ ला घटना लागू झाली. सल्ला गांधीजींचा, धडपड राजपुत्र अप्पासाहेबांची. आणि यात आपल्यासाठी गंमत अशी की तिसरा माणूस इंजिनिअर होता! मॉरिस फ्रीडमन, मूळचा पोलंडचा, बंगळूरला सरकारी विद्युत कारखाना चालवत होता. आयुष्यभर मशिन चालवलेल्या माणसाने इथं गाव कसं चालेल याचा विचार केला. डिझाइन साधं होतं. गावातल्या प्रौढांनी पंचायत निवडायची, पंचायतींतून तालुक्याची सभा आणि तिथून संस्थानची असेंब्ली. म्हणजे करंट खालून वर!

याच फ्रीडमनच्या कल्पनेतून आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. भिंत नसलेला तुरुंग. कैद्यांनी तिथं शेती करायची आणि माणसासारखं राहायचं. आपल्या कोल्हापूरच्या व्ही. शांतारामांचा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) पाहिलाय ना? त्याचं मूळ हे. कथा लिहिणारे गदिमाही याच संस्थानातले. पिक्चरला बर्लिनमध्ये बक्षीस मिळालं, पण स्वतंत्रपूर कुठं आहे हे मला विसाव्या वर्षी कळलं.

बेचाळीसच्या चळवळीत तर या विखुरलेल्या गावांचा उपयोगच झाला. कुंडल हे प्रतिसरकारचं मोठं केंद्र. इंग्रज हद्दीतून भूमिगत निसटायचे आणि औंधच्या हद्दीत शिरायचे. रूममेट म्हणते, 'आमच्याकडं हद्द म्हणजे एक ओढा. इकडं पोलीस, तिकडं भाकरी!'

८ मार्च १९४८ ला औंध मुंबई प्रांतात विलीन झालं. प्रयोग जेमतेम नऊ वर्षं चालला.

आता माझ्या ग्रुपमधल्या एकाचं म्हणणं असं, की 'त्यात काय, राजा चांगला होता म्हणून झालं. वाईट असता तर?' बरोबर आहे. पण चांगला राजा दान देतो, विहिरी बांधतो, लोक पाया पडतात आणि सत्ता त्याच्याकडेच राहते. या राजाने पुढे चांगला राजा लागूच नये अशी सोय केली. हा फरक मला मोठा वाटतो. औंधमध्ये सगळं आदर्श होतं असं मी म्हणत नाही. पहिल्यांदाच कारभार करणाऱ्यांच्या चुका झाल्याच असतील. पण चुका आपल्या आणि दुरुस्तीही आपलीच, हे तरी होतं. नाउरूत आधी परक्यांनी ठरवलं, नंतर आपल्यातल्याच थोड्यांनी. बेटावरच्या साध्या माणसाच्या हाती हिशोबाची वही कधी आली, हा माझा प्रश्न आहे. देश छोटा की मोठा, श्रीमंत की गरीब, यापेक्षा ती वही कुणाच्या हातात आहे यावर पुष्कळ ठरतं असं माझं मत झालंय. गावाला पंचायतीचा हक्क सगळ्या देशात घटनेने द्यायला १९९२ ची ७३ वी घटनादुरुस्ती यावी लागली. आटपाडीच्या मेंढपाळाला तो त्याआधी पन्नासएक वर्षं मिळाला होता!

आणि आम्ही? आमचं हॉस्टेल म्हणजे पण एक छोटं बेटच. आमटीत पाणी, चपाती चामड्यासारखी, यावर आम्ही रोज रात्री परिषद भरवतो. जुलैमध्ये मेस कमिटीसाठी नोटीस लागली होती. दर आठवड्याला खरेदीची बिलं तपासायची आणि मेनू ठरवायचा, एवढंच काम. पंधरा दिवस कागद बोर्डावर होता. दोन नावं आली. मी सही केली नाही, कारण सबमिशन होतं. शेवटी नेहमीप्रमाणे वरून ठरलं आणि आम्ही नेहमीप्रमाणे शिव्या घातल्या. सत्ता बोर्डावर टाचणीने टोचून ठेवली होती, ती घ्यायला आम्हीच गेलो नाही.

नवीन कागद पुढच्या महिन्यात लागेल. रूममेटने आधीच बजावलंय, 'औंधवर लेख लिहिलायस ना, आता सही कर, नाहीतर आमटीबद्दल बोलायचं नाही.'

करणार आहे. पण दोघींनी मेस चालत नाही. उरलेल्या रेषा तुमच्यासाठी मोकळ्या आहेत.