हिशेब दोन्ही बाजूंचा हवा

महाराष्ट्रात घरोघरी विजेचे स्मार्ट मीटर बसवण्याचे काम सुरू आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या वितरण सुधारणा योजनेत देशभर असे २५ कोटी मीटर बसवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. आधी पैसे भरा, मग वीज वापरा, या प्रीपेड पद्धतीला राज्यात तीव्र विरोध झाला. तेव्हा सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर बसवले जाणार नाहीत, असे ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जून २०२४ मध्ये जाहीर केले. पुढे स्मार्ट मीटर आलेच. फक्त पोस्टपेड म्हणून आणि ‘टीओडी’ या नावाने. नाव बदलल्याने लोकांच्या मनातील शंका फिटत नसतात. त्यांना उत्तर द्यावे लागते.

वापर मोजण्याला आमचा विरोध नाही. जुन्या मीटरवर महिन्यातून एकदा आकडा घेतला जाई आणि कधी तोही अंदाजाने लावला जाई. नवा मीटर ठरावीक मिनिटांनी वापराची नोंद करून ती दूरवरच्या यंत्रणेकडे पाठवतो. ग्राहकाला ती मोबाईलवर पाहता येते. शंभर युनिटांच्या पुढे दर चढतो हे ज्या गृहिणीला ठाऊक आहे, तिला विसाव्या दिवशीच वापराचा आकडा कळला तर उरलेले दहा दिवस ती हात आखडू शकते. या माहितीचे मोल कष्टकऱ्याच्या घरी अधिक आहे.

पण सोय आणि सवलत सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. पुण्याच्या पश्चिमेला मुळशी तालुक्यातील कोळवण खोऱ्याचे उदाहरण घ्या. तेथे भातशेती करणारी गावे आहेत आणि त्याच शिवारात शहरातील सुखवस्तू मंडळींची फार्महाऊसेही आहेत. ज्याच्याकडे वातानुकूलन यंत्र, पाणी तापवण्याचे यंत्र आणि ती पुण्यात बसून चालू-बंद करणारी मोबाईलची यंत्रणा आहे, तो आपला वापर दुपारकडे सरकवील आणि २०२५ मध्ये जाहीर झालेली दिवसाच्या विजेवरील सवलत पदरात पाडून घेईल. दिवसभर खाचरात राबणाऱ्या कुटुंबाचा दिवा आणि पंखा मात्र अंधार पडल्यावरच लागतो. तो दुपारी कसा सरकवायचा?

मुळशीला विजेचा एकतर्फी हिशेब नवा नाही. याच तालुक्यात टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. तो चिरडला गेला, गावे पाण्याखाली गेली आणि भिऱ्याच्या वीजगृहातील वीज मुंबईला गेली. जमीन देणारा आणि वीज वापरणारा वेगळा होता. आज शंभर वर्षांनंतर निदान मीटरने तरी एकाच बाजूची झडती घेऊ नये.

स्मार्ट मीटर वीज केव्हा गेली, केव्हा आली आणि दाब किती होता, याचीही नोंद ठेवतो. केंद्राच्या २०२० च्या ग्राहक हक्क नियमांत तर असे म्हटले आहे की, सेवेतील जी कसूर दूरस्थ यंत्रणेने टिपता येते, तिची भरपाई ग्राहकाला अर्ज न करता मिळावी. पावसाळ्यात डोंगराळ भागात वीज तासन्‌तास जाते तेव्हा ती नोंद वितरण कंपनीकडे पोहोचलेली असते. जे यंत्र आमचा पैसा न्‌ पैसा मोजते, त्याच यंत्राने टिपलेली कंपनीची कसूर बिलात दिसली पाहिजे आणि नियमांत बसणारी भरपाई त्याच बिलातून वळती झाली पाहिजे.

आणखी दोन गोष्टींवर जागरूक राहिले पाहिजे. वीज कायदा, २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी पुरवठा तोडण्यापूर्वी १५ दिवसांची लेखी नोटीस देणे बंधनकारक आहे. नवा मीटर दुरून बंद करता येतो, दारात माणूस येण्याची गरज उरत नाही. म्हणून त्या नोटिशीचे महत्त्व वाढले आहे. दुसरे असे की, घरातील माणसे केव्हा उठतात, घर केव्हा रिकामे असते, हे वापराच्या नोंदींवरून ताडता येते. या कारणाने नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहाने २००९ मध्ये स्मार्ट मीटरची सक्ती रोखली होती. आपल्याकडे या नोंदी कोण पाहतो आणि किती काळ ठेवतो, हे ग्राहकाला मराठीत लेखी कळले पाहिजे.

कार्यकर्त्यांनी मीटर फोडण्याची भाषा करू नये आणि तो मुकाट्याने भिंतीवर चढूही देऊ नये. गावागावांत बिले वाचावीत, वीज गेल्याच्या वेळा वहीत टिपाव्यात, कंपनीकडून मीटरमधील नोंदी मागून त्या वहीशी ताडून पाहाव्यात आणि ग्रामसभेत ठराव करून भरपाईचे अर्ज तक्रार निवारण मंचापर्यंत न्यावेत. काम किचकट आहे, घोषणांइतके आकर्षक नाही. पण सत्ता आकड्यांतून चालू लागते, तेव्हा आकडे वाचता येणे हेही लढ्याचेच अंग असते.