पहिलीच्या वर्गांतील वाचन

आमच्या शाळेंतून शिकून गेलेली एक विद्यार्थिनी सध्यां अध्यापक विद्यालयांत शिक्षण घेत आहे. त्या अभ्यासक्रमांत कांहीं दिवस प्राथमिक शाळेंत वर्गाच्या मागें बसून पाठ पाहावे लागतात व पाहिलेलें लिहून ठेवावें लागतें. तिची ती निरीक्षणवही आम्हांस वाचावयास मिळाली. तींतील एका नोंदीविषयीं विद्यार्थ्यांशीं व त्यांच्या पालकांशीं थोडें बोलावें असें मनांत आलें.

वर्ग पहिलीचा, मुलें ३५. बाई फळ्यावरील एकेका शब्दावर पट्टी ठेवून तो वाचीत आणि सर्व वर्ग मागून एका सुरांत म्हणे. खिडकीशीं बसलेल्या एका मुलाचा आवाज सर्वांहून खणखणीत. दृष्टि मात्र रस्त्यानें जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरकडे. मधल्या सुट्टींत या विद्यार्थिनीनें त्याच पाठांतील एका शब्दावर बोट ठेवून ‘हें काय?’ म्हणून विचारलें. मुलानें आरंभापासून पाठ म्हणावयास सुरुवात केली, एकेक शब्द बोटांवर मोजला आणि त्या शब्दाशीं येऊन थांबला. उत्तर बरोबर आलें! त्यास पान येत होतें. अक्षरें मात्र ओळखतां येत नव्हतीं.

असा मुलगा मंद नव्हे. ज्यास एवढें ध्यानांत ठेवतां येतें, त्यास वाचतां येणार नाहीं असें कोण म्हणेल? दोष आहे तो घोकंपट्टीलाच वाचन समजण्याच्या आमच्या जुन्या संवयीचा. कविता सर्वांनीं मिळून म्हणावी. तींत गोडी आहे. परंतु सामुदायिक सुरांत वाचणारा आणि न वाचणारा दोघेहि सारखेच ऐकूं येतात, आणि न वाचणारा तेथें वर्षभर सुखानें लपून राहतो.

आपली बाळबोध लिपि उच्चाराशीं पुष्कळ इमानी आहे, तरी मुलास अडविणाऱ्या जागा तींत आहेतच. ‘किती’ या शब्दांत क आधीं उच्चारावयाचा, पण डोळ्यास आधीं दिसते ती वेलांटी. ‘सूर्य’ म्हणतांना र आधीं येतो आणि लिहितांना य च्या डोक्यावर चढतो. ‘चाक’ आणि ‘चहा’ यांतील च चे उच्चार दोन, अक्षर एक. या गोष्टी एकेका मुलाजवळ बसूनच उलगडाव्या लागतात. बाराखडीच्या ओघांत त्या वाहून जातात. अंकलिपींतील ऐरणीची तर गंमतच आहे. जिनें लोहाराचा भाता पाहिला नाहीं, अशी मुलगी त्या चित्रास ‘टेबल’ म्हणते आणि ऐ चा संबंध तेथेंच तुटतो. त्यापेक्षां म, क, ळ हीं तीनच अक्षरें व काना घेतला, तरी मका, माळ, काम, कमळ असे ओळखीचे शब्द पहिल्याच आठवड्यांत मुलाच्या हातीं येतात.

शिक्षकांस बोल लावावा असा आमचा हेतु नाहीं. कित्येक खेड्यांत एकाच खोलींत दोन इयत्ता बसतात, आणि नेमलेला भाग संपविण्याची घाई पाठीशीं असतेच. परंतु परिणाम लहान नाहीं. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणींत ग्रामीण भारतांतील तिसरीच्या दर शंभर मुलांपैकीं सुमारें २७ मुलांसच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचतां आला. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलास समजून वाचतां यावें, यासाठीं केंद्र सरकारनें २०२१ सालीं ‘निपुण भारत’ अभियान काढलें. आम्हांस हे आंकडे परके वाटत नाहींत. पांचवींत आमच्याकडे येणारीं कांहीं मुलें गणितांत नापास होतात, तीं बेरीज येत नाहीं म्हणून नव्हे, तर उदाहरण वाचतां येत नाहीं म्हणून. आणि तोंवर ‘ढ’ हें नांव त्यांस कायमचें चिकटलेलें असतें.

पालकहो, ‘आज किती पानें झालीं?’ हा प्रश्न तूर्त बाजूस ठेवा. ज्यांस स्वतःस वाचतां येत नाहीं, त्यांच्या घरीं वरच्या इयत्तेंतील ताईनें वा दादानें हें काम करावें. रात्रीं जेवणें झाल्यावर धाकट्याचें पुस्तक उघडून पानाच्या मधलाच एखादा शब्द दाखवावा. आला तर ठीक. न आल्यास रागावूं नये. कोणतें अक्षर अडतें तेवढें चिठ्ठीवर लिहून दुसऱ्या दिवशीं त्याच्या बाईंकडे पाठवावें.