बर्फ न घालण्याचे पाच रुपये

आमच्या कोपऱ्यावरच्या रसवंतीत या आठवड्यात नवी पाटी लागली. पिवळ्या पत्र्यावर लाल रंगाने लिहिलंय, 'बिनबर्फाचा रस ५ रु. जादा.' आणि खाली जरा लहान अक्षरांत, 'यावरून वाद घालू नये.' ही दुसरी ओळ नसती तर मी कदाचित मुकाट्याने पैसे देऊन आले असते. पण वाद घालू नये असं कुणी लिहूनच ठेवलं, तर माणसाने करायचं काय? शिवाय पुण्यात?

मिसळीवर जादा फरसाण मागितलं की जादा पैसे, हे कळतं. सांबारात आणखी एक वडा टाकला की त्याचे पैसे, हेही रास्तच. पण न घातलेल्या वस्तूचे पैसे? मी बिनसाखरेचा चहा पिते हे तुम्हाला माहीत आहे. (त्यावर एकदा लिहिलं होतं, तर पुढे कित्येक दिवस लोक मला गुळाच्या चहाची पुडकी पाठवत होते.) या हिशेबाने आमच्या टपरीवाल्याने माझ्याकडून साखर न खाल्ल्याचे दोन रुपये घ्यायला हवेत. केस कापणाऱ्याने टकलू गिऱ्हाइकाकडून जादा घ्यायला हवेत. माझ्या नवऱ्याला हा दाखला आवडला नाही.

दुकानदाराचीही बाजू आहे, ती एका दमात सांगून टाकते. पेल्यात बर्फ गेला की तेवढा रस कमी बसतो, आणि रसवंतीतली सगळ्यात स्वस्त चीज बर्फ. ऊस आणायचा, तासायचा, चरकात तीनतीनदा घालायचा, आणि एवढं करून निघालेला रस साठवता येत नाही. उघड्यावर राहिला की उसातलीच विकरं हवेशी संगनमत करून त्याला काळा पाडतात, लिंबू पिळलं की ते जरा लांबतं इतकंच, आणि मेच्या उन्हात काही तासांत तो आंबतो. म्हणजे विकला तर विकला, नाहीतर गटारात. उरला बर्फ. तर २०१८ पासून आपल्याकडे नियम असा की जो बर्फ खाण्याचा नाही, नुसता माल थंड ठेवायचा आहे, त्यात कारखान्यानेच निळा रंग घालायचा. पांढरा तो पोटात, निळा तो मासळीवर. झालं.

तर नवरा. या निळ्या बर्फाची बातमी वाचल्यापासून तो रसवंतीत शिरल्यावर आधी बर्फाच्या पेटीवरचं गोणपाट उचलून आत बघतो. निळा काही दिसत नाही. मग तो म्हणतो, "दिसला नाही म्हणजे नसेलच असं नाही," आणि बिनबर्फाचा मागतो. शिवाय आलं जास्त, लिंबू जास्त, मीठ बेताचं, आणि उसाची ती शेंड्याकडची कांडी नको, बुडख्याकडची घाला, कारण बुडख्यात गोडी जास्त. हे खरं आहे, पण ते ज्याने आयुष्यभर ऊस तासला त्याला सांगायची गरज आहे का? तो माणूस एक अक्षर न बोलता ऐकून घेतो आणि हाताला येईल ती कांडी चरकात घालतो. पाटी बहुधा आमच्याच घरामुळे लागली असावी.

पाच रुपये गेले तरी माझं प्रेम रसवंतीवरच आहे, मॉलमधल्या त्या पोलादी यंत्रावर नाही. तिथे ऊस वरून आत जातो, खालून रस येतो, मध्ये काय झालं ते दिसत नाही, आणि सगळं इतकं गुपचूप की दवाखान्यात आल्यासारखं वाटतं. घुंगरू नाहीत! रसवंतीतला बैल जाऊन जमाना झाला, त्याच्या जागी मोटार आली, लाकडी चरकाच्या जागी लोखंडी आला, पण घुंगरू कुणी काढले नाहीत. ते आता चाकाला बांधलेले असतात. ऊस चरकात गेला की त्यांचा ताल जड होतो, चोथा बाहेर पडला की पुन्हा हलका. सवयीचं गिऱ्हाईक बाकावर पाठमोरं बसूनही सांगतं की आपली कांडी कितव्यांदा चाललीय. चौथ्यांदा घातली तर मला आवडत नाही. सालाची तुरट चव उतरते.

हे सगळं मी फोनवर मावशीला सांगत होते. मावशीने पाटीचं ऐकून घेतलं, मध्येच म्हणाली, "या सगळ्या रसवंत्या कानिफनाथ आणि नवनाथच का गं? एखादी गणेश रसवंती, एखादी अंबिका रसवंती सापडते, पण निघतात ते नाथच." मी तिला ठाऊक होतं ते सांगितलं. पुरंदर तालुक्यात बोपगावाशेजारी कानिफनाथांचा गड आहे. तो तालुका तसा अवर्षणाचा, घाटमाथ्याच्या पलीकडचा. तिथली बरीच माणसं पोटासाठी बाहेर पडली ती या धंद्यात शिरली, आणि दुकानावर नाव घातलं ते गावच्या नाथाचं. एकाचं बघून भाच्याने दुकान टाकलं, भाच्याचं बघून मेव्हण्याने. म्हणजे आपल्या गावात उसाला पाणी नाही, आणि रस सगळ्या महाराष्ट्राला पाजायचा.

"मग जाऊन येऊ," मावशी म्हणाली. "कुठे?" "पुरंदरला. उद्या."

आता मावशीविषयी सांगितलं पाहिजे, म्हणजे पाटीकडे परत कधी येता येईल ते सांगता येत नाही. मावशीचा जन्म १९४८ सालचा. त्याच वर्षी १ जूनला एसटीची पहिली गाडी पुण्याहून नगरला निघाली. हे तिला कुणीतरी सांगितल्यापासून ती एसटीकडे पाठच्या भावाकडे बघावं तसं बघते. त्यात २०२२ पासून पंचाहत्तरी पूर्ण झालेल्यांना एसटीचं तिकीट माफ झालं. आधी ती उन्हाळ्यात पडदे ओढून दुपारभर आडवी व्हायची. आता आधार कार्ड घेऊन सकाळी सातला बाहेर. कंडक्टर तिला शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो, ते ती घडी करून बटव्यात ठेवते. कशाला, विचारलं तर म्हणते, "हिशेब नको?"

स्वारगेटला सासवडकडे जाणाऱ्या पीएमपीच्या गाड्या आमच्या डोळ्यांदेखत गेल्या. एक तर निम्मी रिकामी होती. पण पीएमपीला तिकीट पडतं, त्यामुळे मावशीला ती दिसतच नाही. एसटी आली आणि तिने चढताच उजवीकडची खिडकी धरली. उन्हाळ्यातल्या प्रवासाचं अर्धं शास्त्र हेच आहे आणि ते नव्या पिढीला कुणी शिकवत नाही. सासवड आपल्या आग्नेयेला. सकाळी ऊन पूर्वेचं, म्हणजे जाताना डावी बाजू भाजणार, उजवी सावलीत. परतताना तोंड वायव्येला आणि सूर्य पश्चिमेला, म्हणजे पुन्हा डावीच भाजणार. जाताना उजवी, येताना उजवी. पंढरपूरला जाणाऱ्यांनी, बारामतीला जाणाऱ्यांनी हे लिहून ठेवावं. फक्त ऐन दुपारी काही चालत नाही. मेच्या मध्याला पुण्यात सूर्य एके दिवशी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, तेव्हा दोन्ही बाजू सारख्याच.

आणि वातानुकूलित गाडीत हे शास्त्र लागत नाही म्हणून मला त्या गाड्या आवडत नाहीत. खिडकी उघडता येत नसेल तर वाटेतल्या गावांचे वास कुठून येणार? दिवे घाट चढताना उन्हाळ्यात करपलेल्या गवताचा वास येतो. ज्यांनी हा घाट फक्त ज्येष्ठाच्या अखेरीस, पालखीच्या दिवसांत, हिरवा बघितलाय त्यांनी तो एकदा वैशाखात बघावा. सगळा डोंगर तांबूस-पिवळा, आणि खाली वडकीजवळचा मस्तानी तलाव आक्रसून बसलेला. सुंदर आहे असं मी म्हणणार नाही. पण हाच खरा आपला देश आहे, हिरवा असतो ते चार महिने.

हडपसर यायच्या आत मावशीने डबा उघडला होता. आंबेडाळ. हरभऱ्याची डाळ रात्री भिजवून जाडसर वाटलेली, तोतापुरी नव्हे तर चांगली आंबट कैरी किसून घातलेली, वर हिंग-मोहरी-सुक्या मिरचीची फोडणी. भिजवलेली डाळ उन्हात दहा वाजेपर्यंत टिकते, पुढे तिचा भरवसा नाही, त्यामुळे ती पोटात असलेली बरी, असा तिचा मुद्दा. पलीकडच्या बाकावरच्या बाईंनाही झाकणातून दिली. बाई फुरसुंगीला उतरणार होत्या, त्यांनी उतरताना चार जांभळं हातावर ठेवली. या देवाणघेवाणीत मला पन्हं धरून बसायचं काम होतं. पन्हं स्टीलच्या बाटलीत, बाटलीला ओलं फडकं गुंडाळलेलं. फडक्यातलं पाणी उडून जाताना बाटलीची उष्णता घेऊन जातं, खिडकीतला वारा जितका जास्त तितकं बरं. म्हणजे बाटली बाहेर धरायची. मी सासवडपर्यंत एक हात खिडकीबाहेर ठेवून बसले होते. खिडकीबाहेर हात काढू नये, असं समोरच लिहिलेलं होतं.

सासवडला आधी सोपानकाकांच्या समाधीला जाऊन आलो. मंदिरातल्या फरशीवर अनवाणी पाय टेकले की इतका गारवा येतो की देवाला काही मागायचं सुचत नाही. कऱ्हेला पाणी नव्हतं. मग बाजार. पुरंदरच्या अंजिरांना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकनाने अंजिराची साल काही जाड होत नाही. झाडावर पिकलेलं अंजीर संध्याकाळपर्यंत नरम पडतं, दुसऱ्या दिवशी रडतं. म्हणून मुंबईला पोचतात ती जरा आधी काढलेली, आणि ज्यांनी तीच खाल्लीत ते म्हणतात, त्यात काय एवढं. इथे टोपलीतून उचललेलं, बुडाशी जरासं तडकलेलं अंजीर खावं. मावशीने दर अर्ध्यावर आणला, अर्धा किलो घेतली, पिशवीत न टाकता पदरात घेतली.

आणि मग रसवंती. स्टँडच्या अलीकडे, नाव अर्थातच नाथांचं. आत लाकडी बाकं, भिंतीवर देवाची तसबीर, चरकाला घुंगरू. पाटी नव्हती, पण मावशीला माझी पाटी लक्षात होती.

"बर्फाचा कितीला?" तिने विचारलं.

"वीस."

"आणि बिनबर्फाचा?"

"पंचवीस, आजी."

"मग बर्फाचाच दे. फक्त बर्फ पेल्यात नको, या बाटलीत घाल." पन्हं संपलं होतं, बाटली तिने पुढे केली. तरुण मालक जरा थबकला, पण बर्फाचे तुकडे बाटलीत टाकून त्याने पेला भरला. दोन बोटं कमी.

"हा वरचा रिकामा दिसतो तो काय?"

"बर्फाची जागा, आजी."

"बर्फ माझ्या बाटलीत आहे. मग तो इथे जागा का अडवून बसलाय?"

बाकावरचा एक पागोटेवाला खो खो हसायला लागला. मालकही हसला, आणि त्याने पेला काठोकाठ भरला. पागोटेवाल्याने लगेच आपली पाण्याची बाटली काढून पुढे केली, तेव्हा मात्र मालक म्हणाला, "तुम्ही पंचाहत्तरचे झालात का बाबा?" मी निमूट पंचवीस दिले. मावशीच्या मागे उभं राहून तिचीच युक्ती करायला जी छाती लागते ती माझ्यापाशी अजून नाही.

रस उत्तम होता. तीनदाच फिरवलेला, आलं बेताचं. त्या मालकाला मी विचारलं, गाव कुठलं? तो म्हणाला, इथलंच, पण दोघं भाऊ बाहेर, एकाचं दुकान नाशकात, एकाचं हैदराबादला. पाऊस सुरू झाला की दुकानं बंद करून ते परत येतात, पेरण्या असतात. चार महिने रान, आठ महिने रस. बोपगावचा गड बघायचा राहिलाच, कारण अंजिरं पदरात होती आणि मावशीच्या मते ती गडावर नेण्यासारखी नव्हती.

येताना उजवी बाजू मिळाली नाही. एका मुलीने आधीच धरली होती, आणि ती मोबाइलवर कुठलंसं गाणं ऐकत पडदा लावून झोपून गेली. सावलीतली खिडकी आणि तिला पडदा! मावशी हडपसरपर्यंत तिच्याकडे बघत होती.

पुढच्या आठवड्यात वाईवरून महाबळेश्वर करायचं ठरतंय. स्ट्रॉबेरी आता शेवटाला आली असेल, असं मी म्हटलं, तर मावशी म्हणाली तुती असतील, आणि काहीच नसलं तर गाजरं असतील. नवरा येतो म्हणत होता. पण मला २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट, मावशीला शून्य, आणि त्याची पंचाहत्तरी अजून लांब असल्यामुळे त्याला पूर्ण. मावशीने हिशेब करून सांगितलं की तो आला तर सहलीचा खर्च तिप्पट होतो, तेव्हा त्याने घरी थांबून झाडांना पाणी घालावं.