दहा डॉलर, पाच डॉलर

अमेरिकेतली गुलामगिरी लिंकनने संपवली, असं सांगणारे अजून व्यासपीठावरून खाली उतरलेले नाहीत. एक उंच, दाढीवाला, भला माणूस आला, त्याने कागदावर सही केली आणि चाळीस लाख माणसांच्या बेड्या गळून पडल्या. संपली गोष्ट. टाळ्या वाजवा, घरी जा.

मी गोदीत माल उचलणारा माणूस. शिक्षण मॅट्रिक. पण आमच्या टोळीतल्या अडाण्यातल्या अडाण्यालाही एक कळतं की वजन आपोआप हलत नाही. कुणाच्या तरी पाठीवरून जातं तेव्हाच हलतं. मग चाळीस लाखांचं वजन एका सहीने हललं, हे मी कशापायी मानू?

आधी धंदा बघा. १७९३ साली सरकी आणि रुई वेगळी करणारं यंत्र आलं. तेव्हा तिथे सात लाखांच्या आसपास गुलाम होते. १८६० साली साडेएकोणचाळीस लाख झाले. यंत्राने माणसाचे कष्ट वाचतात म्हणतात ना? इथे यंत्राने माणूस आणखी खोल पुरला. १८०८ पासून बाहेरून गुलाम आणायला बंदी. मग घरच्या घरी बाजार सुरू! व्हर्जिनियाची पोरं मिसिसिपीला, बायको एका मळ्यावर, नवरा दुसऱ्या राज्यात. अशी दहा लाखांच्या घरात माणसं दक्षिणेला हलवली. अमेरिकेच्या एकूण निर्यातीत निम्म्याहून जास्त किंमत एकट्या कापसाची.

आणि उत्तर? ती म्हणे स्वातंत्र्याची भूमी. गासड्या वाहणारी जहाजं उत्तरेची, कर्ज देणाऱ्या पेढ्या न्यूयॉर्कच्या, सूत कातणाऱ्या गिरण्या मॅसॅच्युसेट्सच्या. दक्षिण फुटायला लागली तेव्हा, जानेवारी १८६१ मध्ये, खुद्द न्यूयॉर्कच्या महापौराने, फर्नांडो वुडने सुचवलं की आपलं शहरही वेगळं होऊ द्या, धंदा बुडायला नको. चाबूक दक्षिणेच्या हातात होता, पण चाबकाची खातेवही उत्तरेच्या गल्ल्यावर होती.

दोघांचं भांडण होतं ते कशावरून? पश्चिमेच्या नव्या जमिनीवर कुणी मांड ठोकायची यावरून. १८२० ला तडजोड, १८५० ला तडजोड, १८५४ ला कॅन्सासमध्ये रक्त. ‘मुक्त भूमी’ म्हणून ओरडणाऱ्यांत किती जणांना काळा माणूस मुक्त हवा होता? इलिनॉयने १८५३ साली कायदा केला की काळ्याने इथे राहायलाच यायचं नाही. गुलाम नको, कारण काळा नको. शेजारीच नको! ही मुक्ती नव्हे साहेब, हे सोवळं आहे.

१८५० च्या तडजोडीत पळालेल्या गुलामांचा कायदा होता. पळालेला माणूस उत्तरेत सापडला तर त्याला आयुक्तापुढे उभा करायचा. त्याला स्वतःची साक्ष देता येत नाही, त्याच्यासाठी ज्यूरी नाही. आयुक्ताने त्याला मालकाच्या हवाली केलं तर आयुक्ताला फी दहा डॉलर. सोडून दिलं तर पाच. कागदपत्रं जास्त करावी लागतात म्हणून फी जास्त, असा खुलासा. न्यायाचा भाव असा उघड लिहून ठेवलेला मी दुसरीकडे पाहिला नाही. बाकी ठिकाणी निदान टेबलाखालून देतात.

या कायद्याखाली १८५४ साली बोस्टनमध्ये अँथनी बर्न्सला धरला. काळे आणि गोरे मिळून कोर्टाचा दरवाजा फोडायला गेले, झटापटीत एक पहारेकरी मेला. मग सरकारने फौज उभी केली. हजारो लोक दुतर्फा, इमारतींवर काळी फडकी, आणि मधून एक माणूस बंदुकांच्या गराड्यात धक्क्यावर चालवत नेला. एका माणसाला गुलाम करायला एवढी फौज! व्यवस्था त्या एकट्याला किती घाबरली होती ते बघा.

आता सुधारक. सगळे एका दावणीचे नव्हते, हे मी मान्य करतो. एक जात १८१६ च्या वसाहत संस्थेची. काळ्यांना जहाजात भरा, आफ्रिकेला पाठवा, प्रश्न मिटला. प्रश्न मिटला म्हणजे माणूस डोळ्यांआड झाला. दुसरी जात हळूहळूवाल्यांची. तिसरी विल्यम लॉइड गॅरिसनची. त्याने १८३१ पासून ‘लिबरेटर’ चालवला आणि ताबडतोब मुक्ती मागितली. हा खरा माणूस. पण त्याच्या गोतावळ्यात फ्रेडरिक डग्लसचं काय झालं?

डग्लस बाल्टिमोरच्या गोदीवाड्यात जहाजाच्या फळ्यांमधल्या फटी बुजवायचं काम शिकला. १८३६ साली गोऱ्या सुतारांनी त्याला असा मारला की डोळा जाता जाता वाचला. काळ्याची साक्ष गोऱ्याविरुद्ध चालत नव्हती, आणि पाहणारा एकही गोरा बोलला नाही. १८३८ मध्ये खलाशाचे कपडे घालून, दुसऱ्याचे कागद दाखवून तो पळाला. न्यू बेडफोर्डला पोचला. जहाजाचा मालक गुलामगिरीविरोधी, काम द्यायला तयार. पण गोरे कारागीर म्हणाले, हा आला तर आम्ही काम सोडतो. मग दोन डॉलर रोजाचा कारागीर एक डॉलर रोजाची हमाली करू लागला. मालकाची दया आणि कामगाराची जात, दोन्हींमध्ये चेंगरला तो काळा माणूस. कामगार तितुका एक, असं म्हणणाऱ्यांनी हा एक डॉलर मोजून घ्यावा.

पुढे सभांत बोलू लागला तर गोरे मित्र त्याला सांगत, तू घडलेलं सांग, त्यातला विचार आम्ही मांडतो. तुझ्या बोलण्यात मळ्यावरची भाषा थोडी येऊ दे, नाहीतर तू गुलाम होतास हे लोकांना खरं वाटणार नाही! दोस्तांनो, हे मला नवीन नाही. एका संपादकानेही माझी कविता परत करताना लिहिलं होतं की अनुभव अस्सल आहे, विचार मात्र टाळा. आमचे फोड तुम्हाला हवेत. आमचं डोकं नको. डग्लसने १८४७ मध्ये स्वतःचं वर्तमानपत्र काढलं. मित्र म्हणाले, गरज नाही. त्याने काढलंच.

त्याच्याही आधी बोस्टनमध्ये जुन्या कपड्यांचं दुकान चालवणाऱ्या डेव्हिड वॉकरने १८२९ साली पुस्तिका छापली. ती दक्षिणेत कशी गेली? खलाशांच्या कपड्यांत. धक्क्याधक्क्याने. दक्षिणेला ही भीती आधीपासूनच होती. डेन्मार्क व्हेसीच्या कटानंतर, १८२२ साली, दक्षिण कॅरोलायनाने कायदा केला होता की जहाज बंदरात असेपर्यंत काळा खलाशी तुरुंगात राहील. खर्च कप्तानाने नाही भरला तर खलाशी विकायचा. का? कारण बंदर म्हणजे नुसता माल नव्हे. बंदर म्हणजे बातमी.

आणि जे गोरे खरेच सोबत आले ते दाते नव्हते, साथी होते. एलायजा लव्हजॉय १८३७ मध्ये छापखाना राखताना मारला गेला. जॉन ब्राउन १८५९ मध्ये फासावर गेला. पण ब्राउनबरोबर डेंजरफिल्ड न्यूबी होता, बायकापोरं सोडवायला निघालेला काळा माणूस. तो आधी पडला. त्याच्या अंगावर बायकोची पत्रं सापडली. ब्राउन आठवतो, न्यूबी का आठवत नाही?

लिंकनने मार्च १८६१ च्या पहिल्या भाषणात ग्वाही दिली की आहे तिथल्या गुलामगिरीला हात लावणार नाही. मे महिन्यात तीन गुलाम रात्री होडी वल्हवत फोर्ट मन्रोला येऊन धडकले. मग हजारो आले. सहीच्या आधी पाय चालले. १३ मे १८६२ ला चार्ल्सटनचा रॉबर्ट स्मॉल्स, जो कधीकाळी त्याच धक्क्यावर माल उचलायचा, त्याने गोरे अधिकारी किनाऱ्यावर असताना ‘प्लँटर’ बोट बायकामुलांसकट काढली. कप्तानाची टोपी घातली, किल्ल्यासमोर बरोबर खुणेची शिट्टी दिली, आणि उत्तरेच्या आरमारात नेऊन उभी केली. पावणेदोन लाखांवर काळे शिपाई लढले. गोऱ्याला तेरा डॉलर, काळ्याच्या हातात सात, १८६४ पर्यंत. आणि राजधानी वॉशिंग्टनमध्ये एप्रिल १८६२ ला मुक्ती झाली तेव्हा भरपाई कुणाला? माणसामागे तीनशे डॉलरपर्यंत, मालकाला! ज्याची पाठ फोडली त्याला नाही. ज्याचा चाबूक गेला त्याला.

त्याच वर्षांत अमेरिकेचा कापूस अडला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शेठ लोकांनी समुद्र बुजवायच्या कंपन्या काढल्या. १८६५ ला युद्ध थांबलं आणि सगळं कोसळलं. माणसं सुटली तर बाजार का रडला, हे ज्याला कळलं त्याला अर्थशास्त्र कळलं.

१८७३ मध्ये ज्योतिबांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या भल्या लोकांना अर्पण केली. त्याचा आधार घेऊन काहीजण आम्हाला कृतज्ञता शिकवतात. नीट वाचा. ज्योतिबांनी तिथेच इथल्या लोकांनाही सांगितलं आहे की तुम्ही असं करून दाखवा. ती आभाराची पावती नाही, वसुलीची नोटीस आहे. तिची मुदत कधीच उलटून गेली.

म्हणून लिंकनची जयंती खुशाल करा. पण पोरांना आधी स्मॉल्सची शिट्टी शिकवा. सुटका कुणी आणून देत नाही. बोट आपणच काढायची असते, रात्रीच, मालक किनाऱ्यावर झोपलेला असताना.