पिशवी काढण्याआधी कारण विचारा

उमापूरकडची बाई ‘अंगावरून जातंय’ एवढंच सांगते, तेही सोसवेनासं झाल्यावर. पाळी होऊन दहा-बारा दिवस झाले तरी मधेच डाग पडतो. मग खाजगी दवाखान्यात एक सोनोग्राफी, आणि सल्ला: पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल.

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांचं सर्वेक्षण झालं. नीलम गोऱ्हे समितीपुढे आलेला आकडा असा: ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली. सहात एक! उचल घेतलेली, खाडा पडला की पैसे कापले जाणार. अशा कामात पाळीच नको, असं बाईला वाटलं तर दोष तिचा नाही.

आमच्या धंद्यात बग सापडला म्हणून कोणी सर्व्हर भंगारात देत नाही. मधला रक्तस्राव हे लक्षण आहे. त्यामागे चुकलेल्या गोळ्या असतील, तांबी, थायरॉइड, जंतुसंसर्ग, पिशवीच्या तोंडावरचा कोंब, गाठ किंवा नकळत राहिलेला गर्भ. म्हणून आधी लघवीची गर्भतपासणी, हिमोग्लोबिन, आतून तपासणी, मग सोनोग्राफी. बऱ्याचदा औषधांवर किंवा छोट्या उपचारावर भागतं. संबंधानंतर रक्त गेलं, किंवा पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा लाल दिसलं, तर मात्र एक आठवडाही थांबू नये.

कॅन्सरची भीती खोटी नाही, पण तिचं उत्तर तपासणीत आहे. शेजारच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या साथीने सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास झाला. २००९ मध्ये त्याचा निष्कर्ष आला: फक्त एकदा एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

आपल्या घरात तर याला वेगळा शब्दही आहे: इस्तिहाज़ा. फ़ातिमा बिन्त अबी हुबैश यांनी हा प्रश्न थेट पैगंबरांना विचारला होता आणि हे हैज़ नाही, नमाज सोडू नकोस, असं उत्तर त्यांना मिळालं. चौदाशे वर्षांपूर्वी जे उघड विचारता आलं, ते आज अम्मी सख्ख्या लेकीलाही सांगत नाही. मुलग्यांचं तर विचारूच नका. दवाखान्यात नेतात आणि बाहेर मोबाइल बघत बसतात.

आत जा. कारण काय, औषधाने भागणार नाही का, काढलेला तुकडा तपासायला पाठवला का, हे विचारा. गेवराईच्या सरकारी दवाखान्यात दुसरं मत घ्या. ऑपरेशन अटळच असेल, तर अंडाशय ठेवणार की काढणार हे सहीआधी स्पष्ट करून घ्या; पस्तिशीत तेही गेलं, तर हाडं झिजायला लवकर सुरुवात होते आणि पुढे त्याच हातांनी कोयता धरायचा असतो.