‘वजन कमी करा’ कुणाला सांगता?

झोपेत श्वास अडकण्याचा आजार, म्हणजे स्लीप ॲप्निया, म्हटला की सुटलेल्या पोटाचा, जाड मानेचा पुरुष आठवतो. चाळणीही त्याच्याच मापाची आहे. डॉक्टरांच्या ‘स्टॉप-बँग’ यादीत आठ प्रश्न असतात. बीएमआय ३५च्या वर असेल तर एक गुण, मान ४० सेंटिमीटरहून जाड असेल तर एक, वय पन्नाशीपुढे असेल तर एक आणि पुरुष असाल तर आणखी एक. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या कड्याहून ऊसतोडीला, कोयत्यावर जाणारी चाळिशीची काटक बाई हे चारही गुण आधीच गमावून बसते. उरतं काय? घोरणं, झोपेत अडकलेला श्वास कुणी पाहिला का, दिवसाची दमणूक आणि रक्तदाब. फडावरच्या कोपीत रात्री सगळेच मेल्यागत झोपलेले, तिथं बाईचा श्वास पाहणार कोण? पहाटे सगळ्यांआधी उठते तीच. डोकं जड, अंग मोडून आलेलं, तरी दोष जातो उसाच्या मोळीला.

बीडमध्ये या प्रश्नाला आणखी एक धार आहे. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करणारी समिती नेमली गेली, तेव्हाच्या पाहणीत जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली असतील, तर पाळी जाण्याचं वय एका दिवसात येतं. श्वासाला चालना देणारं प्रोजेस्टेरॉन आटतं. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या दीर्घ अभ्यासातून २०१८ साली दिसलं, की शस्त्रक्रियेने पाळी गेलेल्या स्त्रियांना हा आजार होण्याचा धोका नैसर्गिकरीत्या पाळी गेलेल्यांपेक्षा सुमारे पाव पटीने जास्त असतो आणि हा फरक लठ्ठ नसलेल्या स्त्रियांमध्येच ठळक आहे. तिकडचा आकडा इकडे जसाच्या तसा चिकटवता येणार नाही, पण आपल्या बायकांना दोन-तीन प्रश्न विचारायला तो पुरेसा आहे.

उपचारातही हाच घोळ. लठ्ठ माणसाला ‘वजन कमी करा’ हा सल्ला रास्तच आहे. वजन दहा टक्के उतरलं की श्वास अडकणं साधारण पावभर कमी होतं. डिसेंबर २०२४मध्ये अमेरिकेने या आजारावर मंजूर केलेलं टिर्झेपॅटाइड हे औषधही लठ्ठ रुग्णांसाठीच आहे. पण मुळातच अंगावर मांस नसलेल्या बाईने काय उतरवायचं? तिला हवं कुशीवर झोपण्याचं वळण, जबडा पुढे धरणारी दंतपट्टी, नाहीतर हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं सीपॅप यंत्र. शिवाय बायकांचा श्वास बहुधा स्वप्नांच्या झोपेत जास्त अडकतो. त्यामुळे रात्रभराची सरासरी कमी भरते आणि कागदावर ‘सौम्य’ असा शेरा येतो. त्या शेऱ्यावर समाधान मानून तिला घरी पाठवू नये.

हंगामाला जाण्याआधी आणि परतल्यावर ऊसतोड महिलांची आरोग्य तपासणी होते. तिथंच पिशवी काढलेल्या प्रत्येकीला विचारा: अंडाशयंही काढलीत का? सकाळी डोकं दुखतं का? रात्री दचकून जाग येते का? रक्तदाब मोजा, शेजारी झोपणाऱ्या मुलीला किंवा सासूलाही विचारा. उत्तरं होकारार्थी आली, तर झोपेच्या तपासणीची चिठ्ठी लिहा आणि तिचा खर्च सरकारने उचलावा. हंगामासाठी घेतलेली उचल फेडणाऱ्या बाईच्या गळ्यात तो घालू नये.