साहेब झाला, वाचन संपलं!

मंडळी, जुन्या चीनमध्ये परीक्षा देऊन अधिकारी होत. पण खुर्ची मिळाल्यावरही सू शीसारखे लोक लिहीत राहिले. आपण त्यातली परीक्षा तेवढी उचलली!

इथे एडिनबराच्या हायस्कुलात माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन शिकला. कंपनीची स्पर्धापरीक्षा १८५५ साली आली. हा त्याआधीच डायरेक्टर चुलत्याच्या वशिल्याने चिकटलेला. मुंबईचा गव्हर्नर झाला (१८१९-२७), आणि १८४१ साली भारताचा इतिहास छापला. नजर राज्यकर्त्याचीच, मान्य. पण अभ्यास केला!

आपल्याकडे विश्वास पाटलांसारखे अपवाद आहेत. बाकी बहुतेकांचं वाचन निकालाच्या दिवशी संपतं. आणि गावोगावी सत्कार कशाचा? तर त्या निकालाचाच! साहेब, बदली होताना त्या जिल्ह्यावर चार पानं तरी लिहून ठेवा की!